आमच्या पत्त्यातला हर्ष

फराळाचे डबे बांधून परगावी धाडण्याचे काम आमच्या घरी दरसाल माझ्या गळ्यात पडते. यंदा डब्यांवर पाठवणाऱ्याचा पत्ता घालायला मी कन्येला बसवले. बिचारीचा चेहरा उतरला होता. सहामाहीत गणिताने दगा दिला होता आणि प्रगतिपुस्तकात शेरा होता : ‘गणित कच्चे.’ बापाने धीर द्यावा, तर बाप पडला मराठीचा प्राध्यापक! दहावीनंतर मी गणिताला जो रामराम ठोकला, तो कायमचा.

तिने लिहिले : भोसरी, पुणे ४११०२६. मग कुरकुरली, “एवढा मोठा आकडा कशाला हो, बाबा?”

“अगं, ही एका संस्कृत पंडिताची देणगी आहे!” मी म्हणालो. १५ ऑगस्ट १९७२ला सुरू झालेली पिनकोडाची योजना श्रीराम भिकाजी वेलणकरांची. पहिल्या तीन आकड्यांवरून टपालाचा विभाग कळतो, शेवटच्या तिहींवरून वाटपाचे पोस्ट.

पण संख्येला स्वभावही असतो, हे दाखवले देवळालीचे शाळामास्तर दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांनी. जन्म १९०५चा, डहाणूचा. विद्वानांनी त्यांच्या आकडेमोडीला नाके मुरडली. पण १९७५ साली मार्टिन गार्डनर यांनी ‘सायंटिफिक अमेरिकन’मध्ये त्यांच्यावर लिहिले आणि जगाला हे मास्तर ठाऊक झाले. आपल्या अंकांच्या बेरजेने जिला निःशेष भाग जातो, तिला त्यांनी नाव दिले ‘हर्षद’, म्हणजे हर्ष देणारी.

“आपली आहे का बघ.”

४+१+१+०+२+६ म्हणजे १४. कन्येने भागाकार मांडला. उत्तर २९३५९, बाकी शून्य! लगेच तिने शेजारपाजार तपासला. पिंपरीच्या ४११०१८ला १५ने भाग जाईना. चाकणच्या ४१०५०१ला ११ने भागले, तर बाकी ३. भोसरीने बाजी मारली!

कापरेकरांचा दुसरा शोध असा. २१मध्ये तिचेच अंक मिळवले की २४ होतात. म्हणजे २१ ही २४ची जननी. २०ला मात्र अशी जननीच नाही. अशा संख्यांना आपण स्वयंभू म्हणू. सहा अंकांची बेरीज ५४च्या वर जात नाही, तेव्हा आमच्या संख्येच्या मागच्या ५४च संख्या तपासायच्या होत्या. कन्येने साऱ्या तपासल्या. एकही जननी निघाली नाही. भोसरी स्वयंभू!

मग मला अवदसा आठवली. २८च्या लहान भाजकांची, १, २, ४, ७ आणि १४ यांची, बेरीज पुन्हा २८च होते. म्हणून ती पूर्ण संख्या. आमची संख्या म्हणजे २×७×११×१७×१५७. तिचे स्वतःखेरीज ३१ भाजक आम्ही बापलेकींनी मिळवले. बेरीज भरली ४०८०४६. पुरे २९८० कमी! अशा संख्येला ‘न्यून’ म्हणतात.

“म्हणजे कच्ची,” ती हळूच म्हणाली.

मला काही सुचेना. एवढी व्याकरणे शिकवली, पण ऐनवेळी शब्द फितूर झाले. ती मात्र कागदाकडे पाहत राहिली.

“पण बाबा, हर्षद आहेच ना? आणि स्वयंभूही. ते काही खोटे झाले नाही.”

शेवटचा डबा तिच्या देवळालीच्या मावशीचा होता. दोरी बांधायला गेलो, तर कन्येने हात धरला. तिने ४२२४०१ला १३ने भागले होते.

“बाकी पाच उरते,” ती म्हणाली. “मावशीला पाच चकल्या जास्त घाला.”