आद्य शेतकऱ्यांची शिल्पे, महाराष्ट्रातील

महाराष्ट्रातील अश्मयुगीन मानवाची माहिती मुख्यतः त्याच्या दगडी हत्यारांवरून मिळते. नित्याच्या जीवनाशी नाते सांगणारी शिल्पे येथे दिसू लागतात ती ताम्रपाषाण युगात, म्हणजे शेती व पशुपालन करणारी वस्ती स्थिरावल्यावर. जालना जिल्ह्याच्या दक्षिण सीमेवरून वाहणाऱ्या गोदावरीला वरच्या अंगाला प्रवरा मिळते. या प्रवरेच्या काठी, अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यातील दायमाबाद येथे १९७४ मध्ये चार ब्राँझशिल्पे सापडली. त्यांचे एकत्रित वजन ६० किग्रॅ.हून अधिक आहे.

त्यांपैकी बैल जुंपलेला रथ सर्वांत लक्षवेधी होय. तो सु. ४५ सेंमी. लांब असून त्यात सु. १६ सेंमी. उंचीचा पुरुष उभा आहे. जू, दांडी, भरीव चाके हे सर्व तपशील हाताळणाऱ्याच्या जाणकारीने घडविलेले दिसतात. उरलेली शिल्पे हत्ती, गेंडा व रेडा यांची. गेंडा व रेडा चाकांवर उभे आहेत. हत्तीच्या बैठकीची चाके मात्र नष्ट झाली आहेत. ती मिरवणुकीत ओढली जात असावीत, असा तर्क केला जातो. मुलांची खेळणी म्हणावीत, तर ती फारच जड आहेत.

ही शिल्पे शास्त्रीय उत्खननात नव्हे, तर एका स्थानिक रहिवाशाला खणताना योगायोगाने मिळाली. त्यामुळे त्यांचा थर निश्चित होत नाही आणि काल वादग्रस्त राहिला आहे. स्थळाचे उत्खनक एस. ए. साळी व इतर काही पुरातत्त्वज्ञ ती उत्तर हडप्पा काळातील मानतात. याउलट डी. पी. अग्रवाल यांनी धातूतील आर्सेनिकाच्या प्रमाणावरून या कालनिश्चितीवर आक्षेप घेतला. हा आक्षेप मान्य केल्यास, प्रवराकाठच्या आद्य शेतकऱ्यांच्या जीवनाचा पुरावा म्हणून या शिल्पांचा आधार घेता येणार नाही.

पुणे जिल्ह्यातील इनामगावच्या मृण्मूर्तींबाबत असा प्रश्न उद्भवत नाही. डेक्कन कॉलेजच्या उत्खननात तेथे एका घराच्या जमिनीखाली कच्च्या मातीची लंबगोल डबी आढळली. तिच्यात एक स्त्रीमूर्ती, तर झाकणावर शिरोहीन स्त्रीमूर्ती व बैल होता. दोहोंना भोके असल्याने, काडी घालून मूर्ती बैलावर बसविता येई. आकार ओबडधोबड असला, तरी जोर्वे संस्कृतीच्या शेतकऱ्याची घरगुती श्रद्धा जाणण्यास ही डबी दायमाबादच्या भव्य रथापेक्षा अधिक भरवशाची आहे.