दोन बत्तीस फुटी, एक डिफ्लेक्टर

पहाटे ५. चाकणच्या यार्डात दोन बत्तीस फुटी कंटेनर गाड्या शेजारी उभ्या आहेत. मॉडेल एकच, माल सारख्या वजनाचा. टायर थंड असतानाच त्यांतली हवा सारखी करून घेतली, वजनकाट्याच्या पावत्या वहीत लावल्या, दोन्ही टाक्या गळ्यापर्यंत भरल्या. एकीच्या केबिनवर हवा वर वळवणारा फायबरचा डिफ्लेक्टर आहे, दुसरीवर नाही. फरक तेवढाच.

६. डिफ्लेक्टरची उंची मी स्वतः तपासतो. त्याच्या कडेवरून निघालेली हवा कंटेनरच्या छतावरून गेली पाहिजे. तो बुटका पडला तर हवा कंटेनरच्या सपाट छातीवर आदळते, फार उंच झाला तर तोच अडथळा होतो. रिकाम्या उघड्या हौद्याच्या गाडीवरही लोक हौसेने डिफ्लेक्टर चढवतात, तेव्हा जीव तुटतो. तिथे तो डिझेल वाचवत नाही, जाळतो.

८.३०. खेड-शिवापूरच्या पुढे रस्ता मोकळा होतो. कंटेनरच्या छतावर, बाजूंवर आणि मागच्या दारांवर लोकरीचे आखूड धागे चिकटवले आहेत. मी मोटारीतून कधी शेजारून, कधी मागून चित्रण करतो. हवा पत्र्याला धरून वाहते तिथे धागे मागे सरळ पडतात, सुटते तिथे गरगरतात. साध्या गाडीच्या पुढच्या कडेपाशी त्यांची नुसती धांदल आहे. डिफ्लेक्टरवाल्या गाडीचे धागे त्याच जागी आडवे निजलेत. मागच्या दारांवर मात्र दोन्हीकडे सारखाच गोंधळ. तिथला दाब उतरतो आणि गाडी मागे ओढली जाते. मालकांचं लक्ष गाडीच्या तोंडाकडे असतं, शेपटीकडे कुणी बघत नाही.

पन्नास वर्षांपूर्वी कॅलिफोर्नियात शेपटीकडेही बघितलं गेलं. नासाचे अभियंते एडविन सॉल्ट्झमन सायकलने कामावर जात. शेजारून ट्रक गेला की हवा त्यांना आधी बाहेर ढकले, मग आत ओढे. पुढे त्यांच्या चमूने एका व्हॅनला चौफेर ॲल्युमिनियमचे पत्रे ठोकून तिचा काटकोनी खोका केला आणि एकेक कडा गोल करत नेली. पुढच्या-मागच्या उभ्या कडा गोल केल्यावर हवेचा विरोध ४० टक्के घटला, आडव्याही केल्यावर ५४ टक्के. आतली जागा गेली अवघी ३ टक्के. पत्रा आणि मोकळा रस्ता, एवढ्यावर इतकं निघालं, म्हणून हा प्रयोग मला फार प्रिय आहे. आपले बॉडीबिल्डर अजून काटकोनच जोडतात.

१०. खंबाटकीचा चढ. गाडी पंचविशीवर आली, इथे डिफ्लेक्टर असून नसल्यासारखा. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो आणि तो कापायला लागणारी ताकद घनाने. माझ्या हिशेबाने साध्या बत्तीस फुटीला ८० च्या वेगात नुसत्या हवेसाठी साठेक हॉर्सपॉवर लागते, ४० ला सात-आठ. म्हणून घाटात आणि गावात फिरणाऱ्या गाडीवर खर्च करू नका, असं मी स्पष्ट सांगतो. हायवेवर ८० ऐवजी ६५ ने चालवलं तर हवेचा विरोध एक तृतीयांशाने उतरतो, आणि त्याला रुपयाही लागत नाही.

१२.३०. साताऱ्याजवळ ढाब्यावर जेवण. डिफ्लेक्टरवाल्या गाडीचे ड्रायव्हर काका म्हणाले, “साहेब, गाडी हलकी पळते, खरं आहे. पण ॲव्हरेज वाढलं की शेठ फेरीचं डिझेल कापणार. मग आम्हाला काय?” बरोबर आहे त्यांचं. बचतीतला ड्रायव्हरचा वाटा आधी कागदावर यावा, ही अट मी मालकांपुढे डिफ्लेक्टरच्याही आधी ठेवतो. पाय ॲक्सिलरेटरवर त्यांचा असतो.

२. परतीला ड्रायव्हरांची अदलाबदल, म्हणजे दोन्ही गाड्यांना दोघांचेही पाय लागतात.

६.३०. सकाळचाच पंप, सकाळचंच नोझल, पुन्हा गळ्यापर्यंत डिझेल. लिटर वहीत उतरवले. लगेच शेठचा फोन: “किती वाढलं?” आकडा आज देणार नाही म्हणालो. दोन गाड्यांच्या इंजिनांतलाच मुळात किती फरक आहे, ते अजून कळायचं आहे. उद्या डिफ्लेक्टर दुसऱ्या गाडीवर जाईल आणि हीच फेरी पुन्हा होईल. फिटरला रात्रीच बोल्ट काढून ठेवायला सांगितलं आहे.