गर्भवती मातांची पाहणी आणि संभवाचें गणित

एखादा रोग देशांत किती पसरला आहे हें सरकारास कसें कळावें? प्रत्येकाचें रक्त तपासणें शक्य नसतें, आणि एच्.आय्.व्ही. हा विषाणु तर वर्षानुवर्षें शरीरांत राहूनहि बाहेर कांहीं लक्षण दाखवीत नाहीं. या अडचणींतून दक्षिण आफ्रिकेनें काढलेली वाट विद्यार्थ्यांनीं, आणि त्यांच्या पालकांनींहि, समजून घेण्यासारखी आहे.

त्या देशांत १९९० सालीं सरकारी दवाखान्यांत येणाऱ्या गर्भवती स्त्रियांची पाहणी सुरू झाली. गर्भवतीच कां? तर त्या दवाखान्यांत येतातच, आणि इतर तपासण्यांसाठीं त्यांचें रक्त घेतलें जातेंच. त्यांतलाच थोडा भाग नांव न लावतां तपासीत. नांव नसलें तरी वय, शिक्षण, प्रांत, गरोदरपण कितवें, मुलाच्या बापाचें वय, असे तपशील टिपून ठेवीत. पहिल्या वर्षीं शंभरांत एकीसहि हा संसर्ग आढळला नव्हता. २०१० सालीं तें प्रमाण शेंकडा ३०.२ झालें. वेस्टर्न केप प्रांतांत तें १८.५, तर क्वाझुलू-नातालमध्यें ३९.५ होतें. (भारतांतहि १९९८ पासून अशी पाहणी देशभर होत आली आहे, महाराष्ट्र तिच्यांत आहे.)

आतां या भेदांत कोणत्या गोष्टीचा वांटा किती, हें ठरविणें सोपें नाहीं. समजा, चौथ्या खेपेच्या गर्भवतींत संसर्ग अधिक दिसला. पण त्या वयानेंहि मोठ्या असणार! मग कारण वय कीं खेप? यासाठीं एकाच वयाच्या स्त्रिया घेऊन त्यांच्यांत खेपांची तुलना केली पाहिजे. हेंच काम अनेक तपशिलांसाठीं एकाच वेळीं करणारें जें सूत्र, त्यास संख्याशास्त्रांत प्रतिमान म्हणतात. येथें भूमितींतली सरळ रेषा उपयोगी पडत नाहीं. कारण ती वाढत वाढत शंभराच्याहि पलीकडे जाईल, आणि शंभरांत एकशेंदहा जणी रोगी असणें हें कोणत्याच गांवीं घडत नाहीं. म्हणून दोन्ही टोंकांस हळूहळू आडवी होणारी वक्ररेषा घेतात. विटवाटर्सरांड विद्यापीठांतील संशोधकांनीं या शतकाच्या पहिल्या दशकांत याच नोंदींवर, मेंदूंतील मज्जातंतूंच्या जाळ्यावरून नांव पडलेली संगणकाची पद्धतहि चालवून पाहिली.

प्रतिमान कितपत खरें, हें तपासतांना मात्र सावध राहावें लागतें. कोणी म्हणाला, माझें सूत्र शंभरांत सत्तर वेळां बरोबर ठरतें, तर त्यास काय उत्तर द्यावें? जेथें शंभरांत तीस जणींस संसर्ग आहे, तेथें कांहींएक गणित न करतां, 'कोणासहि संसर्ग नाहीं' एवढें म्हणणाराहि सत्तर वेळां बरोबरच ठरतो! आणि त्याच्याकडून सुटलेल्या तीस जणी याच खऱ्या गरजवंत. उपचार न झाल्यास अशा शंभर मातांच्या पंधरा ते पंचेचाळीस बाळांस संसर्ग होतो; वेळीं उपचार झाल्यास पांचाहून कमी. म्हणूनच वय किंवा शिक्षण पाहून कोणा स्त्रीस वगळीत नाहींत; प्रत्येक गर्भवतीस तपासणी देऊं करतात. औषधें व परिचारिका कोणत्या भागांत अधिक धाडाव्या, हें प्रतिमानानें सांगावें. अमुक प्रांतांतली, अमुक वयाची, एवढ्यावरून कोणा स्त्रीविषयीं संशय घेणें हा गणिताचा उपयोग नव्हे, दुरुपयोग आहे.

आणखी एक गोष्ट राहिली. तिसावर गेलेला आंकडा पुढें कांहीं वर्षें फारसा खालीं आला नाहीं, यावरून सारे श्रम वायां गेले असें एखाद्यास वाटेल. परंतु २००४ पासून तेथील सरकारी दवाखान्यांतून औषधोपचार मिळूं लागला. त्यापूर्वीं ज्या दगावल्या असत्या, त्या जगूं लागल्या, पुन्हां गरोदर राहिल्या, आणि पाहणींत मोजल्या गेल्या. नवीन संसर्ग घटत असतांहि एकंदर आंकडा उंच राहण्याचें तें एक मोठें कारण होय.