तीन तारांवरची प्रयोगशाळा

जव्हार तालुक्यातल्या जामसरच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात लस टिकवायची, तर तिच्या फ्रीजमधलं तापमान २ ते ८ अंश सेल्सिअसमध्येच राहिलं पाहिजे. वीज गेली, दार उघडं राहिलं, बाहेर उन्हाळा तापला, तरी ही मर्यादा हलत नाही. तापमान मोजायचं, ठरवलेल्या आकड्याशी ताडून पाहायचं आणि फरक पडला की यंत्राला कमी-जास्त करायला लावायचं. लसीच्या फ्रीजपासून याच जिल्ह्यातल्या तारापूरच्या रासायनिक कारखान्यांपर्यंत हेच काम चालतं. त्यामागच्या शास्त्राला नियंत्रणशास्त्र म्हणतात. पुस्तकातली समीकरणं सोडवून ते अर्धंच कळतं. उरलेलं अर्धं समजायला हाताशी खरंखुरं तापणारं आणि निवणारं काहीतरी लागतं.

त्यासाठी आयआयटी मुंबईत प्रा. कन्नन मौदगल्य, इंदरप्रीत अरोरा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक यंत्र घडवलं, ‘सिंगल बोर्ड हीटर सिस्टीम’. टेबलाच्या एका कोपऱ्यात मावेल एवढंच ते आहे. त्यात धातूची एक छोटी पट्टी, तिच्याजवळ नायक्रोमच्या तारेचं वेटोळं, वारा घालायला संगणकातला असतो तसा पंखा आणि तापमान टिपणारा संवेदक आहे. या सगळ्यांचा कारभार एटमेगा १६ हा मायक्रोकंट्रोलर पाहतो. वेटोळं तापलं की पट्टी तापते, पंख्याचा वेग वाढला की ती निवते. कारखान्यातल्या भट्टीत जे मोठ्या प्रमाणावर घडतं, ते इथे तळहाताएवढ्या जागेत आणि धोका न पत्करता घडतं.

बोर्ड आणि संगणक यांचं बोलणं सीरियल जोडणीवर चालतं. ही पद्धत जुनी आहे. आरएस-२३२ हे तिचं प्रमाण अमेरिकेत १९६० मध्ये ठरलं. साध्या जोडणीला तीनच तारा पुरतात : एक पाठवायची, एक घ्यायची आणि एक दोघांची सामाईक जमीन. एकाची पाठवायची तार दुसऱ्याच्या घ्यायच्या पायाला जोडायची असते, नवशिक्यांची पहिली अडखळ बहुधा इथेच होते. दुसरी अडखळ विद्युतदाबाची. मायक्रोकंट्रोलर शून्य आणि पाच व्होल्टवर बोलतो, तर आरएस-२३२ मध्ये ‘एक’ म्हणजे ऋण दाब आणि ‘शून्य’ म्हणजे धन दाब. म्हणून मध्ये रूपांतर करणारी चिप लागते. नव्या संगणकांवर बहुधा सीरियल पोर्टच नसतो. तिथे यूएसबीचं सीरियल करून देणारी चिप ते काम करते.

या जोडणीत ताल धरणारी वेगळी तार नसते. दोन्ही बाजूंनी वेग आधीच ठरवून घ्यायचा, त्याला बॉड रेट म्हणतात. ९६०० चा वेग ठरला, तर प्रत्येक बिट सुमारे १०४ मायक्रोसेकंद टिकतो. आधी सुरुवातीचा बिट, मग आठ बिट मजकुराचे, शेवटी थांब्याचा बिट, असा दहा बिटांचा एक बाइट जातो. सुरुवातीचा बिट दिसला की ऐकणारा आपलं घड्याळ नव्याने जुळवून घेतो, म्हणून थोडीफार तफावत चालून जाते. मात्र एका बाजूला ९६०० आणि दुसऱ्या बाजूला वेगळाच आकडा असेल, तर पडद्यावर अर्थहीन अक्षरं उमटतात.

हीटर बोर्डाची भाषाही तितकीच मोजकी आहे. २५४ हा आकडा पाठवला की पुढचा बाइट हीटरसाठी, २५३ पाठवला की पंख्यासाठी. २५५ पाठवला की बोर्ड दोन बाइटांत तापमान सांगतो, एकात पूर्णांक आणि दुसऱ्यात दशांश. सेकंदाला एकदा हा व्यवहार करायचा म्हटलं, तर जेमतेम सात बाइट जातात-येतात. ९६०० च्या वेगाने त्याला सात-आठ मिलिसेकंद लागतात. उरलेला सारा वेळ तार मोकळीच.

या यंत्राचं मोल मला इथेच दिसतं. उष्णता सावकाश चालते, त्यामुळे तिला आवरायला वेगवान तार लागत नाही. आणि जवळच्या तारेवर सेकंदाला सात बाइट पुरत असतील, तर दूरच्या, रेंज कमी असलेल्या जाळ्यावरही तेवढेच पुरतील. आयआयटीच्या गटाने नेमकं हेच केलं. बोर्ड पवईतल्या सर्व्हरला सीरियलने जोडले आणि विद्यार्थ्यांना वेळ राखून घरूनच प्रयोग करायची सोय दिली. विद्यार्थी आपल्या संगणकावर मोफत मिळणाऱ्या सायलॅबमध्ये नियंत्रणाचा प्रोग्रॅम लिहितो. हीटर आणि पंख्याचे आकडे इंटरनेटवरून सर्व्हरकडे आणि तिथून तारेने बोर्डाकडे जातात, तापमान त्याच वाटेने परत येतं. पट्टी खरीच तापते. आकड्यांत खरी खळखळ असते, जाळ्यामुळे खरा उशीर होतो आणि विद्यार्थ्याला त्या दोन्हींशी झुंजावं लागतं.

इथे इंटरनेटचा भार बोर्डाला जोडलेला सर्व्हर उचलतो. बोर्डाने स्वतःच जाळ्यात उतरायचं, तर त्यालाही जुना मार्ग आहे. १९८८ मध्ये लिहून काढलेल्या स्लिप या पद्धतीत इंटरनेटचं पाकीट जसंच्या तसं सीरियल तारेवर सोडतात आणि ते संपल्याची खूण म्हणून १९२ हा बाइट ठेवतात. मजकुरातच १९२ आला, तर त्याच्या जागी ठरलेले दोन बाइट जातात, म्हणजे पाकीट मध्येच तुटत नाही. काही किलोबाइट स्मृतीचा बोर्डही अशा रीतीने स्वतःचा पत्ता घेऊन जाळ्यावर उभा राहतो.

जव्हार-मोखाड्यातल्या मुलांना अभियांत्रिकीचा प्रयोग करायला मुंबई किंवा नाशिक गाठावं लागू नये, असं वाटत असेल तर महागड्या उपकरणांची वाट पाहण्याचं कारण नाही. आश्रमशाळेत किंवा महाविद्यालयात एक जुना संगणक, एक साधा बोर्ड, एक संवेदक आणि एक केबल एवढ्यावर सुरुवात होते. बोर्डाकडून तापमानाचा पहिला आकडा पडद्यावर आणणं हा एका दुपारचा धडा आहे. लसीच्या फ्रीजमधला असाच आकडा २ आणि ८ च्या मध्ये का राहिला पाहिजे, हे जामसरच्या मुलाला वेगळं समजावून सांगावं लागणार नाही. त्याच्या धाकट्या भावंडाची लस त्याच्याच गावात ठेवलेली असते.