आफ्रिकेची सफर : आधी दिनदर्शिका, मग नकाशा

दिवाळीचे वहीपूजन पार पडते, लाभपंचमीला दुकान पुन्हा सुरू होते आणि व्यापारी घरांना थोडी उसंत मिळते. अशाच एखाद्या संध्याकाळी पुढच्या वर्षीच्या प्रवासाचा विषय निघतो. मुलांना सिंह पाहायचे असतात, सुनांना किलिमांजारोचे शिखर, आजोबांना मोंबासाचे संगमरवरी जैन मंदिर. आजी एवढेच विचारतात, ‘तिथे सूर्यास्ताआधी जेवायला मिळेल ना?’ प्रवासाचे सारे नियोजन खरे तर या एका प्रश्नापासूनच सुरू व्हायला हवे.

‘सफारी’ हा शब्द स्वाहिली भाषेतला. त्याचे मूळ अरबी. आपली ‘सफर’ त्याच कुळातली. तिकडे दुकानाला ‘दुका’ म्हणतात आणि चपातीला चपातीच. हा योगायोग नव्हे. १८९६ ते १९०१ या काळात मोंबासापासून व्हिक्टोरिया सरोवरापर्यंत लोहमार्ग टाकला गेला. तो भारतीय मजुरांनी बांधला आणि त्याच्या कडेकडेने कच्छ-सौराष्ट्रातील व्यापाऱ्यांची दुकाने उभी राहिली. म्हणूनच पूर्व आफ्रिका जैन प्रवाशाला अगदीच परकी नाही. तरीही केनिया आणि टांझानिया हे दोन देश रस्त्याने एका दमात पाहायचे, तर उत्साहाइतकीच हिशेबी बुद्धी लागते.

कोणत्या महिन्यात जावे?

माहितीपत्रके जुलै ते ऑक्टोबर हा काळ सर्वोत्तम सांगतात. लाखो रानगव्यांसारखे दिसणारे विल्डबीस्ट आणि त्यांच्याबरोबरचे झेब्रे याच महिन्यांत मारा नदी ओलांडतात. परंतु हा जवळजवळ संपूर्ण काळ चातुर्मासाचा. पर्युषण आणि दशलक्षण पर्वही त्यातच येते. त्यामुळे अनेक घरांत ही तारीख निघताच मोडीत निघते. एप्रिल-मेची शाळेची सुट्टी सोयीची वाटते, पण मार्च ते मे हा तेथील मोठ्या पावसाचा हंगाम. काळ्या मातीचे रस्ते चिखलाने अडतात. दिवाळीच्या सुट्टीला छोटा पाऊस गाठ घालू शकतो.

उरतात दोन खिडक्या. पहिली डिसेंबरअखेर ते फेब्रुवारी. हवा कोरडी असते आणि दक्षिण सेरेंगेटीतील न्दुतू परिसरात जानेवारीच्या शेवटापासून विल्डबीस्टची पिले जन्माला येऊ लागतात. नाताळचा आठवडा मात्र महाग आणि गर्दीचा. दुसरी खिडकी फारशी कोणी सुचवत नाही : मे महिन्याचा शेवट ते जूनचा पूर्वार्ध. पाऊस ओसरलेला, गवत हिरवे, धूळ कमी, चातुर्मास सुरू व्हायचा बाकी आणि महाराष्ट्रातील बहुतेक शाळाही उघडलेल्या नसतात. त्यात एक व्यापारी लाभही आहे. २०२४ पासून मसाई मारा अभयारण्यात परदेशी प्रौढ पर्यटकाला जानेवारी ते जून दिवसाला १०० डॉलर आणि जुलै ते डिसेंबर २०० डॉलर प्रवेशशुल्क पडते. सहा माणसांच्या कुटुंबाने तीन दिवसांचा हिशेब मांडला की १८०० डॉलरचा फरक समोर येतो.

नकाशा फसवतो तेथे

नकाशावर मसाई मारा आणि सेरेंगेटी एकमेकांना चिकटलेले दिसतात. प्राणी ही सीमा विनासायास ओलांडतात; पर्यटकाला तेथून जाता येत नाही. १९७७ पासून ती वाट पर्यटकांसाठी बंद आहे. पश्चिमेच्या इसेबानिया नाक्याला वळसा घालावा लागतो, नाहीतर नैरोबीकडे परतून नामांगा नाक्यावरून अरुशाला जावे लागते. यात एक अख्खा दिवस जातो. शिवाय केनियाची पर्यटक गाडी सहसा सीमेपर्यंतच येते. पलीकडे टांझानियाची गाडी आणि नवा चालक घ्यावा लागतो. सामान उतरवणे, रांगा, शिक्के हे सारे वयस्कर माणसांसह करायचे असते, याचा विचार आधीच हवा.

म्हणून तीन पिढ्यांच्या कुटुंबाला बारा रात्रींचा असा क्रम सोसतो : नैरोबीत एक रात्र विश्रांती, मसाई मारात तीन, नैवाशा सरोवराकाठी एक, किलिमांजारोच्या पायथ्याशी अंबोसेलीत दोन. मग नामांगा ओलांडून अरुशात एक, वाटेवरच्या कराटूत एक, सेरेंगेटीत दोन आणि न्गोरोंगोरोच्या कड्यावर एक. जाताना नैरोबीचे आणि परतताना अरुशाजवळच्या किलिमांजारो विमानतळाचे तिकीट काढले, तर आलेली वाट पुन्हा तुडवावी लागत नाही. या क्रमात मोंबासा बसत नाही. आजोबांची ती इच्छा पुरी करायची, तर सुरुवातीला तीन दिवस वाढवावेत आणि नैरोबी-मोंबासा रेल्वेने जाऊन यावे. तिसरा देश मात्र जोडू नये. युगांडा-रवांडातील गोरिलांचा मोह मोठा असतो, पण तेथे पंधरा वर्षांखालील मुलांना प्रवेश नाही, आणि डोंगरातली चढण आजी-आजोबांसाठी नाही. ज्या सहलीत घरातील निम्मी माणसे हॉटेलात बसून राहतात, ती कुटुंबाची सहल राहत नाही.

कागद आणि सुई

केनियात २०२४ पासून व्हिसाऐवजी ऑनलाइन प्रवास-परवानगी घ्यावी लागते. टांझानियाचा व्हिसा वेगळा. पूर्व आफ्रिकेचा संयुक्त पर्यटक व्हिसा केनिया, युगांडा आणि रवांडा यांच्यापुरता असतो, त्यात टांझानिया नाही. अनेकांचा घोटाळा येथेच होतो. अर्ज त्या त्या देशाच्या सरकारी संकेतस्थळावरूनच करावेत.

याहून महत्त्वाची गोष्ट पीतज्वराच्या लशीची. ती सरकारमान्य केंद्रावरच मिळते, निघण्यापूर्वी किमान दहा दिवस घ्यावी लागते आणि तिचे प्रमाणपत्र आता आयुष्यभर चालते. प्रमाणपत्राविना केनियाहून परतणाऱ्यास भारतात सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवले जाऊ शकते. साठीपुढच्या व्यक्तीला ही लस पहिल्यांदाच द्यायची असल्यास जोखीम थोडी वाढते, म्हणून डॉक्टरांचा सल्ला अनिवार्य. ही लस कोंबडीच्या अंड्यातील गर्भावर तयार होते, हेही जैन कुटुंबाला आधी माहीत असावे. ती घ्यायची की नाही, हा प्रत्येकाचा निर्णय. पण तो तिकीट काढण्यापूर्वी, घरात शांतपणे बसून व्हावा. विमानतळाच्या दारात होऊ नये. डॉक्टरांनी लस टाळायला सांगितली, तर त्यांच्या पत्रावर परतताना काय होईल, हे विमानतळ आरोग्य कार्यालयाकडून आधीच लेखी विचारून घ्यावे.

सूर्यास्तापूर्वीचे जेवण

आता आजींचा प्रश्न. विषुववृत्ताजवळ वर्षभर सूर्य साधारण साडेसहाच्या सुमारास मावळतो. जंगलफेरी संपण्याची वेळही तीच, आणि लॉजमधील रात्रीचे जेवण सहसा साडेसातच्या पुढे. म्हणजे चौविहार पाळणाऱ्याने काही ठरवले नाही, तर रोज उपाशी झोपण्याची पाळी येते. त्यावर दोन उपाय आहेत. दुपारची फेरी तीनला सुरू करून पाचला परतावे आणि साडेपाचला जेवण मागावे. नाहीतर पाच वाजता गाडीतच डबा उघडावा आणि मग उरलेली फेरी करावी. सकाळची नवकारसी सहज साधते : पहाटे सहाला निघाल्यावर साडेसातच्या सुमारास रानातच न्याहारी होते.

‘आम्ही शाकाहारी आहोत’ एवढे सांगणे पुरत नाही. कांदा, लसूण, बटाटा, गाजर, आले, मध, अंडे अशी न चालणाऱ्या पदार्थांची यादी आरक्षणाच्या करारातच लिहून घ्यावी. स्वयंपाक्यासमोर थोडी स्वाहिली कामी येते. ‘बिला’ म्हणजे शिवाय. ‘बिला न्यामा, बिला मायाई, बिला वितुंगू, बिला वियाझी’ म्हणजे मांस, अंडी, कांदे, बटाटे यांशिवाय. मक्याच्या पिठाचे उगाली, भात, घेवड्याच्या बियांचे माहारागे आणि फळे सर्वत्र मिळतात. माहारागेत कांदा नसल्याची खात्री तेवढी करावी. टांझानियातील तंबूंच्या सफरीत स्वयंपाकी सोबतच असतो. तेव्हा पातेली आणि तवा स्वतःचा नेला, तर सर्वांची सोय होते.

खाकरे, मुगाची डाळ, मेतकूट नेताना एक पथ्य पाळावे. केनियाने २०१७ मध्ये आणि टांझानियाने २०१९ मध्ये प्लास्टिकच्या पिशव्यांवर बंदी घातली आहे, आणि ती पर्यटकांनाही लागू आहे. स्टीलचे डबे आणि कापडी पिशव्या, म्हणजे आजीच्या काळातलीच बांधाबांध, येथे सर्वांत उपयोगी पडते. कपडे मातकट रंगाचे घ्यावेत. निळा आणि काळा रंग त्सेत्से माश्यांना आकर्षित करतो. न्गोरोंगोरोचा कडा सुमारे २३०० मीटर उंचीवर आहे, तेथे स्वेटर लागतोच.

चालकाला काय सांगावे?

शेवटची गोष्ट कोणत्याही दरपत्रकात नसते. बक्षिसीच्या आशेने काही चालक सिंहाच्या शिकारीपर्यंत गाडी घुसवतात, नदीकाठी वाट अडवतात आणि बिथरलेली जनावरे मागे फिरतात. पहिल्याच सकाळी चालकाला स्पष्ट सांगावे की, जवळ जाण्याची घाई नाही, रस्ता सोडायचा नाही, शिकार दाखवलीच पाहिजे असे नाही, आणि यासाठी बक्षिसी कमी होणार नाही. शिकार दिसलीच, तर लहान मुले प्रश्न विचारतील. वाघ-सिंहाला निवड नसते, माणसाला असते, एवढे उत्तर त्यांना पुष्कळ असते.

मग एखाद्या सायंकाळी अंबोसेलीच्या पठारावर गाडी थांबते. पाचाचा डबा झालेला असतो. हत्तींचा कळप सावकाश समोरून जातो, पिलू आईच्या पायांत चालत असते, आणि मागे किलिमांजारोवरचा ढग हळूहळू विरतो. आजींच्या चौविहाराला अजून अर्धा तास बाकी असतो. कोणालाच घाई नसते.