वूफर गप्प का बसतो?

गाडीतला स्टीरिओ चालू आहे, दारांतल्या स्पीकरमधून गाणं स्वच्छ ऐकू येतंय, पण डिक्कीतला सबवूफर ढिम्म. अशा वेळी नवा वूफर घ्यायची घाई करू नका. एक साधा मल्टिमीटर घ्या आणि विजेच्या वाटेने चालायला लागा. बॅटरीपासून कानापर्यंत पोचताना ती किती रूपं बदलते, हे या शोधात एकेक टप्प्याने उलगडतं.

पहिला मुक्काम ॲम्प्लिफायर. त्याच्यावरचा दिवा लागतोय का? लागत नसेल तर तीन वायरी तपासायच्या. बॅटरीवरून येणारी जाड वायर आणि तिच्यावरचा फ्यूज, बॉडीला जोडलेली अर्थची वायर, आणि स्टीरिओकडून येणारी बारीक रिमोट वायर. स्टीरिओ चालू होताच या बारीक वायरीवर सुमारे १२ व्होल्ट येतात आणि ॲम्प जागा होतो. ती निसटली असेल, तर बाकी सगळं ठणठणीत असूनही ॲम्प झोपलेलाच राहतो.

अर्थची वायर सर्वांत फसवी. रंगाच्या थरावरच स्क्रू आवळला, तर जोड पक्का दिसतो पण वीज अडखळते. मोठ्या आवाजात ॲम्प २० अँपिअर सहज ओढतो. अशा वेळी जोडात ओहमचा दहावा भाग जरी अडथळा असला तरी २ व्होल्ट तिथेच खर्ची पडतात. म्हणून रंग खरवडून धातू उघडा करायचा आणि मगच वायर आवळायची.

आता ॲम्पच्या पोटात काय चालतं ते पाहू. १२ व्होल्टची वीज न चढवता गाण्याच्या आकारात ४ ओहमच्या वूफरला दिली, तर जेमतेम १८ वॅट शक्ती मिळते. ३०० वॅट हवे असतील तर व्होल्टेज ५०च्या आसपास उसळावं लागतं. बॅटरीत तेवढं नाहीच! म्हणून ॲम्प बॅटरीची वीज सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद करतो, ती छोट्या ट्रान्सफॉर्मरमधून चढवतो, आणि मग ती गाण्याच्या आकारात वूफरकडे सोडतो. एवढ्या उलाढालीत काही बिघडलं, कुठे शॉर्ट झालं किंवा उष्णता वाढली, की लाल दिवा लागतो आणि ॲम्प स्वतःहून थांबतो. हे थांबणं म्हणजे त्याने घेतलेली काळजी आहे. सिस्टीम बंद करून वूफरच्या वायरी सोडवा आणि पुन्हा चालू करा. लाल दिवा गेला, तर दोष वूफरकडे किंवा त्याच्या वायरीत. राहिला, तर ॲम्पमध्ये किंवा त्याला मिळणाऱ्या विजेत.

दिवा नेहमीसारखा आहे, तरी शांतता? मग गाणंच पोचत नसेल. स्टीरिओच्या मेन्यूत सबवूफरचं आउटपुट बंद नाही ना, ते बघा. मग दुसऱ्या आरसीए केबलने (गाण्याचा सिग्नल नेणाऱ्या वायरीने) मोबाइल थेट ॲम्पला जोडा. आवाज आला, तर दोष स्टीरिओत किंवा जुन्या केबलमध्ये.

राहिला वूफर. त्याच्या वायरी ॲम्पपासून सोडवून दीड व्होल्टचा साधा सेल क्षणभर त्याच्या टोकांना लावा. शंकू टक् करून पुढे सरकतो. सेल उलटा लावला की मागे जातो. १८२० मध्ये ओर्स्टेड यांनी वीजवाहक तारेजवळ होकायंत्राची सुई हलताना पाहिली. तेच नातं इथे तुमच्या बोटांखाली काम करतंय: कॉइलमधली वीज आणि मागचं चुंबक मिळून कागदाचा शंकू ढकलतात. ४ ओहमची कॉइल मल्टिमीटरवर साधारण साडेतीन ओहम दाखवते. काहीच आकडा आला नाही, तर कॉइल जळून तुटलेली असते.

आणि एक शांतता अशी, की जिच्यात काहीच बिघडलेलं नसतं. डिक्कीत दोन वूफर आहेत, दोघांचे शंकू जोरात हलतायत, तरी बास जवळपास नाहीच. ४० हर्ट्झच्या ध्वनिलहरीची लांबी साडेआठ मीटर, म्हणजे गाडीपेक्षाही जास्त. तिच्यापुढे दोन वूफरमधलं हातभर अंतर नगण्य. त्यामुळे एकाच्या प्लस-मायनस वायरी उलट जोडल्या गेल्या, तर एक शंकू हवा दाबतो त्याच क्षणी दुसरा ती ओढून घेतो. दोन निरोगी आवाज एकमेकांना खोडून काढतात. असा दोष मल्टिमीटरला ओहम मोजून सापडत नाही. दोन्ही शंकू एकाच वेळी एकाच दिशेला जातात का, हे बघावं लागतं. आणि एकाच वूफरच्या दोन वायरींची अदलाबदल केली, की कोणतंही सामान न बदलता बास परत येतो.