आधी चारा, मग चंदी

दत्तजयंतीला तापीकाठच्या सारंगखेड्यात एकमुखी दत्ताची यात्रा भरते आणि तिच्यासोबत घोड्यांचा बाजार. या बाजाराच्या बातम्यांत घोड्याची किंमत असते, रंग असतो, उंची असते आणि हमखास त्याचा खुराक असतो. रोजचं दूध, गावरान तूप, बदाम, अंडी. वाचणाऱ्याला थाट वाटतो, घोड्याच्या पोटाची रचना ठाऊक असलेल्याला मात्र काळजी वाटते. शिंगरूपण सरलं की घोड्याच्या आतड्यात दुधातली साखर पचवणारा पाचकरस कमी होत जातो, मग बादलीभर दूध आत जाऊन आंबतं. त्याला पित्ताशयही नसतं. पित्त सतत थोडं थोडं झिरपत राहतं, म्हणून सवय लावत लावत दिलेलं थोडं तेल-तूप त्याला चालतं, एकदम ओतलेलं झेपत नाही.

खुराक देणाऱ्याची माया खरी असते. जीव असल्याशिवाय कुणी घरच्या पोरांच्या तोंडचे बदाम घोड्यापुढे ठेवत नाही. पण उपाशी घोडा मरतो हे सगळ्यांना कळतं, मायेनं भरवलेलाही मरतो, हे फार थोड्यांच्या ध्यानात येतं.

घोडा मुळात चालता-चालता चरणारा प्राणी. मोकळा सोडला तर दिवसातले चौदा-सोळा तास तो तोंड चालवत असतो. एवढ्या मोठ्या जनावराचं जठर जेमतेम आठ ते पंधरा लिटरचं. त्यात आम्ल चोवीस तास पाझरतं, घोडा खात असो वा नसो. लाळ मात्र तो चावत असतानाच सुटते आणि ही लाळच त्या आम्लाला मारते. म्हणून रात्री आठला दावणीला बांधून सकाळी सातपर्यंत पुढ्यात काडी न टाकलेल्या घोड्याचं जठर रात्रभर स्वतःच्याच आम्लात भिजत पडतं. त्यातून जठरात व्रण होतात. मालकाला एवढंच दिसतं, की घोडा चिडका झालाय, तंग कसताना चावायला येतो.

चाऱ्याचं खरं पचन होतं ते पुढं, मोठ्या आतड्यात. तिथं कोट्यवधी जिवाणू गवताचा चोथा आंबवून त्यातून घोड्याला ताकद काढून देतात. तोबरा भरून दिलेली चंदी, मग ती हरभऱ्याची असो, मक्याची वा जवाची, जठरात आणि लहान आतड्यात पुरती पचली नाही, तर तिच्यातला स्टार्च या जिवाणूंच्या वस्तीत जाऊन पडतो. तिथं आम्ल वाढतं, चांगले जिवाणू मरतात आणि त्यांच्यातून सुटलेलं विष रक्तात उतरतं. त्याचा घाव बसतो खुरांवर. खुराच्या आतलं हाड ज्या नाजूक पापुद्र्यांनी भिंतीला धरून ठेवलेलं असतं, ते सुजून सुटू लागतात. असा घोडा पुढचे पाय लांब टाकून मागं रेलून उभा राहतो, खुराला हात लावला तर गरम लागतं. दुखणं पायाचं दिसतं, सुरुवात तोबऱ्यातून झालेली असते.

म्हणून हिशेब चाऱ्यापासून मांडायचा. घोड्याला रोज वजनाच्या साधारण दोन ते अडीच टक्के सुकं खाणं लागतं. तीनशे किलोच्या देशी घोड्याला सहा ते साडेसात किलो. त्यातला किमान साडेचार किलो चाराच हवा, जास्त असला तर उत्तम. चंदी कामाच्या मानानं द्यावी आणि एका वेळी किलोभराच्या पुढं नको. आधी चारा टाकावा, घोड्यानं थोडा चावून लाळ सुटू द्यावी, मग तोबरा चढवावा. काम बंद असेल त्या दिवशी चंदी कमी करावी. आणि कुठलाही बदल, मग तो नव्या गवताचा का असेना, आठ-दहा दिवस घेऊन करावा, कारण आतले जिवाणू एका रात्रीत बदलत नाहीत.

गव्हाच्या कोंड्याबद्दल जरा थांबून लिहायला हवं, कारण तो स्वस्त आहे, घोड्याला आवडतो आणि निरुपद्रवी दिसतो. कोंड्यात फॉस्फरस भरपूर आणि कॅल्शियम अगदी थोडं. महिनोन्महिने कोंड्यावर ठेवलेल्या घोड्याचं शरीर ही तूट भरून काढायला स्वतःच्या हाडांतलं कॅल्शियम काढू लागतं. आधी चाल अवघडते, मग जबड्याची आणि चेहऱ्याची हाडं फुगतात, तोंड बेढब दिसू लागतं. पूर्वी गिरणीवाल्यांचे घोडे फुकटच्या कोंड्यावर वाढायचे, त्यांच्यात हा आजार इतका दिसे की युरोपात तो त्यांच्याच नावानं ओळखला गेला. आपल्याकडे उपाय हाताशी आहे. लसूणघासात कॅल्शियम चांगलं असतं. कोंडा मूठ-दोन मूठ, सोबत थोडा लसूणघास आणि पोटभर सुकं गवत, एवढ्यानं तोल सांभाळला जातो. रोज चमचाभर मीठही हवंच, कारण घोड्याच्या घामातून मीठ फार जातं.

गवतात डोंगरउतारावरचं मारवेल किंवा पवना फुलोऱ्यात कापून वाळवलेलं असेल तर त्यासारखं काही नाही. भाताचा पेंढा निकृष्ट, त्यावर घोडा जगवू नये. कोवळ्या ज्वारीची किरळ गुरांना लागते हे शेतकऱ्याला ठाऊक असतं. घोड्याला हिरव्या ज्वारीवर बरेच दिवस ठेवलं तर त्याची लघवी बिघडते आणि मागचे पाय लटपटू लागतात, हे तितकं ठाऊक नसतं.

पावसाळा ही चाऱ्याची खरी परीक्षा. शिवाजी महाराजांनी 1670च्या दशकात चिपळूणजवळच्या छावणीतल्या अधिकाऱ्यांना लिहिलेलं पत्र रयतेच्या काळजीसाठी नेहमी आठवलं जातं. मला ते पागेच्या व्यवहारातलं एक उत्तम टिपण वाटतं. साठवलेला दाणा आणि गवत आत्ताच मनमानी उधळलंत, तर ऐन पावसाळ्यात काही उरणार नाही, घोडी उपाशी मरू लागतील आणि त्यांना तुम्हीच मारलंत असं होईल, अशी स्पष्ट ताकीद त्यात आहे. दिव्याची पेटती वात उंदरानं नेली तर गवताची गंजी पेटेल, इथपर्यंत त्यांचं लक्ष आहे. उंदीर आजही आहेत, पण आताचा मोठा शत्रू बुरशी. ओल लागलेल्या गंजीतलं काळपट, कुबट वासाचं गवत गाय एखाद्या वेळी निभावून नेईल, घोडा नाही. गवत फळीवर किंवा विटांवर, जमिनीपासून उचलून रचावं. मूठभर घेऊन झटकावं, धूळ उडाली किंवा कुबट वास आला तर ते बाजूला काढावं. बुरशी धरलेला मका तर घोड्याच्या मेंदूलाच इजा करतो.

धनगरांच्या वाड्यासोबत सामान वाहणारं तट्टू पाहिलंय? या दख्खनी, भीमथडी घोड्याला आता देशी जात म्हणून सरकारदरबारी नोंद मिळाली आहे. त्याच्या वाट्याला बदाम येत नाहीत. दिवसभर चालायचं, काढलेल्या शेतात मेंढरांमागं चरायचं. त्याचं हे राहणं घोड्याच्या पोटाला जसं मानवतं, तसं लग्नसराईत मांडवापुढं बँडच्या गोंगाटात तासन् तास उभ्या केलेल्या सजवलेल्या घोड्याचं नाही.

खाणं उत्तम असूनही घोडा वाळत असेल तर तोंड उघडून पाहावं. घोड्याचे दात वर्षाला दोन-तीन मिलिमीटर वर येत राहतात आणि चघळून झिजत राहतात. वरचा जबडा खालच्यापेक्षा रुंद, त्यामुळे वरच्या दाढांची गालाकडची आणि खालच्या दाढांची जिभेकडची कड झिजत नाही, तिला धार चढते. गाल आतून सोलपटतो. घोडा मान वाकडी करून चावतो आणि अर्धवट चावलेल्या गवताचे ओले बोळे गव्हाणीत पडलेले दिसतात. लिदीत अख्खे हरभरे दिसले तर तीही खूण. वर्षातून एकदा पशुवैद्यकानं कानशीनं कडा घासल्या की तेच गवत अंगी लागतं.

माथेरानला गाड्यांना बंदी, त्यामुळे दस्तुरी नाक्यापासून घोडा हाच अनेकांचा आधार. तिथं जाणाऱ्यांनी एक आकडा ध्यानात ठेवावा. खोगिरासकट ओझं घोड्याच्या वजनाच्या पाचव्या हिश्शापेक्षा जास्त नसावं, म्हणजे तीनशे किलोच्या घोड्यावर साठ किलो. आपलं वजन जास्त असेल तर चालावं. फेरीहून आलेल्या घोड्याला पाणी द्यायचं नाही, हा जुना समज सोडावा. घोट-घोट, थांबत-थांबत पाणी द्यावं, चंदी मात्र अंग निवल्यावरच. संध्याकाळी खरारा करताना चारही खूर उचलून साफ करावेत. लाल चिखलात खुराच्या मधला मऊ, त्रिकोणी भाग कुजायला लागला की आधी काळा द्रव आणि घाण वास येतो. सहा ते आठ आठवड्यांनी नालबंदाला बोलवायचंच.

आणि पोटशूळ. घोडा पुन्हा पुन्हा कुशीकडं वळून बघतो, पुढच्या पायानं जमीन उकरतो, घामाघूम होतो, लोळतो, लीद टाकत नाही. कुशीला कान लावला तर एरवी गुडगुड ऐकू येते, ती थांबलेली असते. घोड्याला उलटी होत नाही, त्याच्या जठराच्या तोंडाची झडप तितकी घट्ट असते. त्यामुळे वायू धरला की जठर फुटेपर्यंत ताण चढू शकतो. अशा वेळी गव्हाणीतलं सगळं खाणं काढून घ्यावं आणि लगेच पशुवैद्यकाला फोन करावा. घोडा स्वस्थ उभा असेल तर राहू द्यावा, लोळत असेल तर हळूहळू चालवावा, पण दमवू नये. नळ्यानं तेल-हिंग घशात ओतू नये. तडफडणाऱ्या घोड्याच्या बाबतीत ते फुप्फुसात उतरायला वेळ लागत नाही, आणि पोटातून वाचलेला घोडा न्यूमोनियानं जातो. डॉक्टर नाकातून जठरापर्यंत नळी घालून ताण सोडवतात. ते येईपर्यंत शेवटची लीद कधी पडली, पाणी किती प्यायला आणि कालपासून खाण्यात काय बदललं, हे लिहून ठेवावं. ते हेच तीन प्रश्न आधी विचारतील.